तीन माणसं, चार कान

आमच्या कारखान्यात माणसं तीन होती आणि चालू कान चार. दादाचा एक, माझा एक आणि वहिनीचे दोन. ही आमची घरची थट्टा. दादा आणि मी रस्त्याने शेजारी शेजारी चाललो की एका वेळी एकालाच दुसऱ्याचं ऐकू यायचं, कारण दोघांचाही डावा कान गेलेला. डावीकडून चालणाऱ्याने ऐकायचं आणि उजवीकडच्याने बोलायचं. दादा कायम उजवीकडून चालायचा.

कारखाना म्हणायचं आपलं. एक लांबट हॉल, मधे प्लायवुडचा पडदा. पडद्याच्या अलीकडे माझा लेथ आणि पितळेच्या सळया, पलीकडे दादाचं बेअरिंगचं टेबल, आणि कोपऱ्यात काचेचं दार लावलेली चाचणीची खोली. आम्ही रेकॉर्ड प्लेयरचे आर्म बनवतो. आर्म म्हणजे ती लांब दांडी, जिच्या पुढच्या टोकाला सुई असते आणि मागच्या टोकाला वजन. बघणाऱ्याला ती साधी काडी दिसते. आम्ही दोघांनी त्या काडीपायी लहानपणापासून मार खाल्लाय.

बाबांची पद्धत ठरलेली होती. मागचं वजन फिरवत फिरवत दांडी हवेत आडवी तरंगवायची. सुई ना वर, ना खाली. मग वजनावरची आकड्यांची रिंग तेवढी शून्यावर आणायची, वजनाला जराही न हलवता. आणि मग रिंगेसकट वजन फिरवून सुईवर पावणेदोन ग्रॅमचा भार द्यायचा. मी बारा वर्षांचा असताना शून्यावर आणताना रिंगेबरोबर वजनही फिरवलं. आकडा शून्य दाखवत होता आणि तोल केव्हाच गेला होता. हात सोडला तशी सुई खर्रकन रेकॉर्डवर घासली. बाबांनी मान वर केली नाही, नुसता हात आला. मी स्टुलावरून उडालो आणि लेथच्या पायावर डोकं आपटलं. दोन दिवस कानातून पाणी येत होतं. डॉक्टरला काय सांगायचं ते मला वाटेत पढवलं होतं. स्टुलावरून पडलो.

दादाचा कान त्याच्या आधी दोन वर्षं गेला होता, दांडी ज्यावर फिरते त्या बेअरिंगचा स्क्रू जास्त आवळला म्हणून. बाबा उजव्या हाताचे होते. समोर उभ्या माणसाला उजव्या हाताची थप्पड डाव्या कानावर बसते. एवढं गणित आमच्या घरात कुणालाही झोपेतून उठवून विचारावं. पुढे बाबाच आम्हाला टोमणे मारायचे, "एकेका कानाची पोरं माझी, ही काय माल तपासणार!" जसं काही आम्ही दोघांनी आपापले कान कुठेतरी हरवून आणले होते.

मग वहिनी आली. ती टेलिफोन ऑफिसात होती, दिवसभर हेडफोन लावून बसायची. तारेतली खरखर ऐकून बिघाड या टोकाला आहे की त्या, ते सांगायची. बाबांनी तिला एकदा चाचणीच्या स्टुलावर बसवलं, तिने पंधरा मिनिटांत बाबांनी पास केलेल्या दोन आर्ममध्ये खोट काढली, आणि बाबांनी त्या दिवसापासून स्वतः हेडफोन लावणं बंद केलं. तिच्यावर मात्र त्यांनी कधी हात उचलला नाही. ते काम त्यांच्या पश्चात दादाने सुरू केलं.

दादाचा एक नियम होता, आणि तो सांगताना मला आजही ओकारी येते. मारायचं ते पाठीत, दंडावर, मांडीवर. तोंडाकडे हात न्यायचा नाही. "कान धंद्याचा आहे," तो म्हणायचा. एकदा त्याने तिला पडद्यावर असं ढकललं की प्लायवुडला भेग गेली. ती भेग त्याने दुसऱ्या दिवशी स्वतः पट्टी मारून बुजवली, नीट पॉलिश करून. हाताने इतका सफाईदार माणूस मी दुसरा पाहिला नाही. बेअरिंगचे ते टोकदार स्क्रू तो डोळे मिटून लावायचा, बोटांना केसाएवढी ढिलाई कळायची.

आणि मी? भांडण सुरू झालं की मी रेकॉर्ड लावून बसायचो. नवरा-बायकोच्या मधे पडू नये, असं स्वतःला सांगायचो. खरं कारण म्हणजे मी दादाला घाबरत होतो. चाळीस वर्षांचा घोडा झालो तरी घाबरत होतो.

माल परत यायला लागला तो अशा दिवसांत. पहिला आला निवृत्त मास्तरांचा. मास्तर दारावर काठी आपटतच आत शिरले.

"तुमच्या आर्मने माझ्या गायिकेला सर्दी केलीय," ते म्हणाले.

"कुठल्या गायिकेला, मास्तर?"

"डावीकडे उभी असते ती. उजवीकडचा पेटीवाला ठणठणीत आहे. हिचा आवाज जरा चढला की फाटतो. चार रेकॉर्डी लावून बघितल्या."

दादा पडद्यामागून ओरडला, "रेकॉर्डी झिजल्यात तुमच्या!" मास्तर म्हणाले, "झिजलोय मी, रेकॉर्डी नव्या आहेत," आणि आर्म माझ्या टेबलावर ठेवून गेले. त्या आठवड्यात आणखी दोन आले. दोन्हींची तक्रार तीच, डावी बाजू फुटते. तिसरा आला तेव्हा दादाने तो उचलून भिंतीवर फेकला. नळी वाकली, सुई कुठे उडाली ते सापडलंच नाही. "तू वजनं वाकडी कापतोस," तो माझ्या अंगावर आला. माझी कॉलर धरून त्याने मला लेथवर उलटा दाबला, सळई पकडणाऱ्या चकचं पोलाद माझ्या मानेला लागत होतं. मशीन बंद होतं म्हणून मी हे सांगायला आहे. मी म्हणालो, "बघतो, दादा. बघतो मी."

मग मी खरंच बघितलं. उरलेले दोन्ही आर्म शेजारी ठेवले. मागची वजनं बरोबर होती. पण दोऱ्याचं वजन दोन्हींवर शेवटच्या खाचेत होतं.

हे दोऱ्याचं वजन काय ते सांगायला हवं. रेकॉर्ड फिरायला लागली की दांडी आपोआप आत, मधल्या भोकाकडे ओढली जाते. सुई मग रेकॉर्डवर कोरलेल्या घळीच्या आतल्या भिंतीला रेलते. आतल्या भिंतीत डाव्या बाजूचा आवाज कोरलेला असतो, बाहेरच्या भिंतीत उजव्या बाजूचा. सुई बाहेरच्या भिंतीपासून सुटली की उजवा आवाज फुटतो. म्हणून दांडीच्या मागे दोऱ्याला मण्याएवढं वजन टांगतात, ते तिला बाहेर खेचून धरतं. ते टांगायला एक काडी, तिच्यावर चार खाचा, शेवटच्या खाचेत ओढ सगळ्यात जास्त. वजन कमी पडलं तर उजवी बाजू फुटते, जास्त झालं तर डावी. दोन्ही बाजू एकाच क्षणी ऐकायच्या आणि दोन्ही सारख्या साफ झाल्या की खाच ठरली. बहुतेक आर्म दुसऱ्या खाचेत बसतात. हे काम वहिनीचं होतं, दोन कानांचं.

गिऱ्हाइकांना पाठवायला तयार असलेले सात आर्म कपाटात होते. मी एकेक उघडला. सातही शेवटच्या खाचेत. मी हेडफोन लावले, चाचणीची रेकॉर्ड लावली. मला फक्त उजवं ऐकू येतं, आणि उजवं साफ होतं. मग मी हेडफोन उलटे घातले, म्हणजे डावी बाजू माझ्या चालू कानात आली. ती फाटक्या पत्र्यासारखी वाजत होती.

मी सातही आर्म घाईघाईने कपाटात परत ठेवले. कारण वहिनीची चूक कुठली आणि ती कशाने होते, हे जगात दोनच माणसांना बघताक्षणी कळलं असतं. त्यातला एक मी होतो.

दुसऱ्या दिवशी दादा पॉलिशवाल्याकडे गेला होता, तेव्हा मी त्यातला एक आर्म वहिनीसमोर ठेवला. "जरा ऐकता का?"

तिने हेडफोन लावले, डोळे मिटले. "साफ आहे, भाऊजी."

"द्या बघू." मी हेडफोन घेतले, पुसल्यासारखं केलं आणि उलटे करून तिच्या डोक्यावर ठेवले. आर्मला हात लावला नाही. सुई पुन्हा तीच जागा वाजवायला लागली.

तिने लगेच कपाळाला आठी घातली. "अगंबाई, ही उजवी बाजू फुटतेय. आता तर..." ती थांबली. तिचा हात हेडफोनवर गेला, वायर कुठल्या बाजूने लोंबतेय ते तिने चाचपलं. आमच्याकडे वायर डावीकडे असते. ती उजवीकडे होती. तिने हेडफोन काढून मांडीवर ठेवले.

"कधी?" मी विचारलं.

"तीन महिने झाले. यांच्या एका बेअरिंगमध्ये खडखड होती, मी तीनदा परत पाठवलं. तिसऱ्यांदा हे स्वतःच आत आले."

"आणि तोंडावर?"

"विसरले असतील," वहिनी म्हणाली. इतक्या साध्या आवाजात म्हणाली की मला तिचाच राग आला. "उशीला रक्त लागलं होतं. मी एकटीच डॉक्टरकडे गेले. पडदा भरून आला, पण आतली नस मेली म्हणाले. उजवा जिवापाड जपा म्हणाले. त्याला एवढासा धक्का बसला तरी संपलं."

"मग सांगितलं का नाही कुणाला?"

"काय सांगू? या घरात मला कानांमुळे खुर्ची आहे. मी उजवी बाजू साफ झाली की डावीही झाली असणार, असं धरून चालले होते. भाऊजी, त्यांना कळू देऊ नका. काय वाट्टेल ते सांगा, पण कळू देऊ नका."

मी कबूल झालो. सगळा दोष माझ्या वजनांवर घ्यायचा, सातही आर्म मी हेडफोन उलटसुलट करून पुन्हा लावायचे आणि यापुढे खाच गुपचूप मीच ठरवायची, असं आम्ही ठरवलं. छान बेत होता. पण आम्ही दोघं एकेका कानाची माणसं खोलीत डावा कान दाराकडे करून बसलो होतो. काचेचं दार उघडून दादा केव्हा आत आला ते दोघांपैकी कुणालाच ऐकू आलं नाही.

"तीन महिने?" दादा म्हणाला.

वहिनी उठून उभी राहिली.

मला वाटलं होतं, एवढं ऐकल्यावर तो निदान एक क्षण मटकन खाली बसेल. बारा वर्षांचा मी लेथपाशी पडलो होतो तेव्हा माझ्या कानाला आपला सदरा लावून बसलेला तोच होता. पण दादाचं डोकं दुसरीकडेच चाललं होतं. "तीन महिने माझ्या नावाने खोटा माल बाहेर गेला," तो म्हणाला. "मी लोकांना खोटं पाडत होतो. त्या मास्तरला खोटं पाडलं मी. आणि तू इथे बसून बहिरेपणा लपवत होतीस?"

"दादा, कान तूच..." मी म्हणालो.

"तू गप!"

त्याने तिचा दंड धरला. वहिनीने काय केलं, तर मान फिरवून डावा गाल त्याच्यापुढे धरला. "इकडे मारा," ती म्हणाली. "इकडे आता काही नाही. पण इकडेच मारा." हे शब्द ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दादाने तिचे केस धरले आणि तोंड सरळ केलं. त्याच्या हाताला फिरायला जागा नव्हती, एका बाजूला कपाट होतं, म्हणून त्याने हात उलटा वर नेला. उलट्या हाताची थप्पड कुठल्या कानावर बसते, तेही गणित मला येत होतं.

दाराशी पितळेची एक सळई उभी होती, हातभर लांब, अंगठ्याहून जाड. मागची वजनं आम्ही त्यातूनच कापतो. ती माझ्या हातात कशी आली ते आठवत नाही, पण खाली आली ते आठवतं. ती दादाच्या मनगटावर बसली आणि सुकी फांदी मोडावी तसा आवाज आला. दादाने केस सोडले. तो माझ्याकडे वळला आणि डाव्या हाताने त्याने माझ्या नाकावर असा ठोसा दिला की डोळ्यांपुढे पांढरं झालं. आम्ही दोघं प्लेयरवर पडलो, प्लेयर खाली आला, त्याच्याखालची दगडी लादी माझ्या पायावर. तो माझ्या छातीवर बसून गळा आवळत होता, एकाच हाताने, आणि त्या एका हातात काय ताकद होती! मी सळई आडवी फिरवली. ती त्याच्या बरगडीत गेली. तो कलंडला. मी उठलो आणि त्याचा मोडलेला हात लादीवर पसरलेला होता, त्याच्यावर पुन्हा मारली. आणि पुन्हा. खोटं कशाला बोलू, बरं वाटत होतं. त्या बोटांवर मारताना मला बाबांची बोटं दिसत होती आणि मी मोजत नव्हतो.

वहिनी माझा सदरा मागून ओढत होती, ते सदरा फाटला तेव्हा मला कळलं. ती माझ्या डावीकडून "बास, बास, अहो बास" ओरडत होती. किती वेळ ओरडत होती कुणास ठाऊक. मी वळलो तेव्हा तिने दोन्ही हात वर करून कान झाकले होते आणि ती माझ्यापासून दूर सरकत होती. दादाला ती अशीच घाबरायची. मी सळई खाली ठेवली.

दवाखान्यात डॉक्टरने विचारलं तेव्हा दादा दात ओठ खात म्हणाला, "लेथमध्ये हात गेला." आमच्या घरात कुणाला पढवावं लागत नाही आता.

"लेथ नव्हता," वहिनी म्हणाली. "यांना यांच्या भावाने मारलं. आणि मला यांनी, तीन महिन्यांपूर्वी. दोन्ही लिहून घ्या."

डॉक्टरने लिहून घेतलं. दादाचं मनगट तीन जागी मोडलं होतं, दोन बोटं पुन्हा कधी नीट मिटणार नव्हती. बेअरिंगचे दिवस संपले. दादा छताकडे बघत पडला होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी कानात जात होतं, आणि मला त्याचं वाईटही वाटलं आणि नाहीही वाटलं.

मी मात्र, सांगायला लाज वाटते, मनातून फुगलो होतो. वहिनीचा उजवा कान वाचला होता आणि तो मी वाचवला होता. मी नवी मांडणीही करून ठेवली होती. बेअरिंगला मी बसेन, हळूहळू हात बसेल. चाचणी तिची, हेडफोन एकदा सुलटे आणि एकदा उलटे. माणसं दोन, कान दोन, पण घरात कुणाचा हात उठणार नाही. हे मी तिला सांगायच्या आत ती दुसऱ्या दिवशी सकाळी बॅग घेऊन दारात उभी होती. बहिणीकडे निघाली होती. तिथल्या टेलिफोन ऑफिसात एका कानावर चालेल असं काम आहे म्हणाली.

"बस स्टँडपर्यंत येतो," मी म्हणालो आणि बॅग घेतली.

मी मुद्दाम तिच्या उजवीकडून चालायला लागलो, माझं बोलणं तिला ऐकू यावं म्हणून. सगळी मांडणी सांगितली. बेअरिंगची, हेडफोनची, पडदा काढून टाकायची. दादाला घरात पाऊल ठेवू देणार नाही, हेही सांगितलं. ती मधे काही बोलली असेल, नसेल. ती माझ्या डावीकडे होती, मला ऐकू येणार नव्हतं. चौकात ती थांबली, मागून वळसा घालून माझ्या उजवीकडे आली आणि पुन्हा चालायला लागली.

"भाऊजी, तीन महिन्यांपूर्वी त्या दिवशी पहिला हात उठला तेव्हा मी तुम्हाला हाक मारली होती," ती म्हणाली.

मी बॅग या हातातून त्या हातात घेतली.

"तुम्ही ऐकलीत. मला माहीत आहे, कारण लगेच तुम्ही रेकॉर्डचा आवाज वाढवलात. मग त्यांचा हात बसला. माझ्या डाव्या कानाने ऐकलेलं शेवटचं तेच आहे, तुम्ही आवाज वाढवलात ते."

मी माफी मागितली. दोनदा मागितली. रस्त्यावर गाड्यांचा गोंगाट होता आणि मी तिच्या डाव्या बाजूला होतो. मोठ्याने मागायची हिंमत झाली नाही. ती समोर बघत चालत राहिली, आणि मला तिच्या चपलांचा आवाजसुद्धा स्टँड येईपर्यंत नीट ऐकू येत होता.